विस्तव न्हाणीबाहेर

नाशिकची थंडी ज्यांनीं अनुभवली आहे त्यांना ऊन पाण्याचें महत्त्व सांगावयास नको. निफाडच्या द्राक्षबागांत पारा कोठवर उतरला याची वार्ता दर हिंवाळ्यांत वृत्तपत्रांतून येते, आणि त्या सुमारास आमच्या शहरांतही पहाटेच्या नळाखालीं हात धरवत नाहीं. अशा दिवसांत दहाबारा माणसांच्या कुटुंबाला सकाळच्या दोन तासांत स्नानाचें पाणी पुरविणें ही घरांतील एक मोठीच तरतूद असते. पूर्वीं हें काम बंब करी. आतां बहुतेक ठिकाणीं तें भिंतीवर टांगलेली एक लहानशी पत्र्याची पेटी करते, जिला आपण गॅस गीझर म्हणतों. ही पेटी बिघडली असतां घरच्या घरीं बदलावी कीं नाहीं, आणि बदलल्यास कशास जपावें, याविषयीं आज लिहावयाचें योजिलें आहे. हा विषय आम्हांस स्वतःच्या घरांतील एका प्रसंगामुळें सुचला; तो प्रथम सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वींची दिवाळी. आमचा जुना वाडा जाऊन त्या जागीं इमारत उभी राहिली, तरी कुटुंब एकत्रच आहे. लहानमोठीं मिळून बारा माणसें, आणि ऊन पाणी येणारें न्हाणीघर एकच. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशीं जुन्या गीझरच्या पोटांतील तांब्याची नळी फुटून पाणी गळूं लागलें. कारागिराकडे निरोप धाडला तों ‘दिवाळी झाल्यावर बघूं’ असें उत्तर आलें. आमचे धाकटे बंधु सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीस आहेत. यंत्रांची त्यांना उपजत आवड. ते म्हणाले, “दादा, चार नट आणि तीन नळ्या. एवढ्यासाठीं कारागीर कशाला?” आम्हांसही तें पटलें. त्याच संध्याकाळीं नवा गीझर घरीं आला.

जुना गीझर मागच्या गॅलरींत टांगलेला असे व त्याचें पाणी भिंतींतून न्हाणीघरांत येई. परंतु मध्यंतरीं त्या गॅलरीस कांचेच्या सरकत्या खिडक्या बसवून आम्हीं तिची खोली केली होती आणि गीझरच्या खालच्या जागीं कपडे धुण्याचें यंत्र आलें होतें. नव्या गीझरचीं तोंडें जुन्या भोकांशीं जुळेनात. तेव्हां तो न्हाणीघरांतच, नळाच्या वर, टांगावा असें ठरलें. भिंत फोडणें वांचलें, नळी वांचली, वेळही वांचला. सिलिंडर गॅलरींत ठेवून रबरी नळी खिडकीच्या फटींतून आंत घेतली. मागच्या हिंवाळ्यांत वारा येऊं नये म्हणून त्या खिडकीला पुठ्ठा लावलेला होता, तो नळीभोंवतीं पुन्हां घट्ट बसविला. नंतर बंधूंनीं साबणाचा फेस करून प्रत्येक सांध्याला लावून पाहिला. एकही बुडबुडा आला नाहीं. आम्हीं त्यांची पाठ थोपटली.

नरक चतुर्दशीस पहाटे साडेचारपासून अभ्यंगस्नानें सुरू झालीं. प्रथम आमचे तीर्थरूप, कारण पूजा त्यांची. मग आम्ही, मग बंधु, मग मुलें एकामागून एक. प्रत्येकानें पाणी झकास असल्याचा निर्वाळा दिला. बायकांचीं स्नानें रिवाजाप्रमाणें शेवटीं, आणि त्यांतही धाकटी भावजय सर्वांच्या मागून. शिकेकाईनें केस धुवावयाचे म्हणून तिला वेळ अधिक. साडेसहाच्या सुमारास फराळाचीं ताटें मांडलीं जात होतीं. आमच्या आत्याबाई न्हाणीघराच्या बाहेर वाती वळीत बसल्या होत्या. त्यांच्या ध्यानांत आलें कीं पाण्याची धार वाजते आहे, पण तांब्याचा आवाज बराच वेळ झाला नाहीं. त्यांनीं हाक मारली, “सूनबाई, अग झालें का?” उत्तर आलें नाहीं. त्यांनीं दार ठोठावलें, मग आरडाओरडा केला. कडी तकलादू होती हें आमचें नशीब. बंधूंच्या दोन धक्क्यांत ती निखळली. भावजय फरशीवर पडलेली होती. डोळे अर्धवट उघडे, परंतु शब्द फुटत नव्हता.

तिला बाहेरच्या हवेंत आणून निजविलें. थोड्या वेळानें तिला वांती झाली, मग ती अस्पष्ट बोलूं लागली. घरांत प्रत्येकाचें निदान वेगळें. कोणी म्हणे दोन रात्री करंज्या तळीत जागली, अशक्तपणा आला. कोणी पित्तावर आलें. कोणी हलक्या आवाजांत ‘फीट तर नव्हे?’ असें म्हणून कांदा आणावयास धांवलें. महामारीच्या काळांत आणून ठेवलेलें, बोटाला लावून रक्तांतील प्राणवायु मोजावयाचें यंत्र मुलांनीं शोधून आणलें. त्यानें ९८ हा आंकडा दाखविला आणि सर्वांचा जीव भांड्यांत पडला. इतक्यांत शेजारचे डॉक्टर आले. त्यांनीं त्या आंकड्याकडे पाहिलेंही नाहीं. “गीझर कोठें बसविला आहे?” एवढेंच त्यांनीं विचारलें, आणि उत्तर ऐकतांच गाडी काढावयास सांगितली. रुग्णालयांत तिला कित्येक तास शुद्ध प्राणवायु देण्यांत आला. भाऊबीजेच्या दिवशीं ती घरीं परतली.

आम्हीं जी चूक केली ती नळ्यांच्या जोडणींत मुख्यत्वें नव्हती, म्हणून ती नीट समजून घेतली पाहिजे. गॅसपासून दोन भिन्न संकटें संभवतात व लोक त्यांची गल्लत करतात. एक न जळलेल्या गॅसचें. स्वयंपाकाच्या गॅसला मुळांत वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत मर्काप्टन जातीचें उग्र दर्पाचें द्रव्य मुद्दाम मिसळतात. हा गॅस हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत पसरतो, आणि हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा दोनच्या आसपास पोंचलें कीं एका ठिणगीनें भडका उडूं शकतो. हें संकट नाकाला कळतें, साबणाच्या फेसालाही कळतें. दुसरें संकट जळलेल्या गॅसचें. ज्योतीला हवा भरपूर मिळाली तर गॅस पूर्ण जळून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड होतो. हवा अपुरी पडूं लागली कीं कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु उत्पन्न होऊं लागतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, तो डोळ्यांना झोंबत नाहीं कीं घशाला खवखवत नाहीं. मर्काप्टनचा दर्प तर ज्योतींतच जळून गेलेला असतो. म्हणून एकही सांधा न गळणारा, अत्यंत सुबक रीतीनें जोडलेला गीझर माणसाचा प्राण घेऊं शकतो.

रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां या वायूला दोनशें ते अडीचशें पट अधिक घट्ट धरतें. त्यामुळें हवेंत तो अल्प असला तरी रक्तांत सांचत जातो आणि मेंदूला व हृदयाला प्राणवायु पोंचेनासा होतो. डोकें जड होतें, गरगरतें, मळमळतें. परंतु पुष्कळदां या खुणा उमगण्यापूर्वींच पायांतलें त्राण जातें, आणि कडी काढण्याचेंही भान राहत नाहीं. आपल्या देशांतील मेंदूविकारतज्ज्ञांनीं असे रुग्ण नोंदविले आहेत कीं ज्यांना स्नानाच्या वेळीं झटके आले, घरच्यांनीं अपस्मार समजून औषधें सुरू केलीं, आणि मूळ कारण भिंतीवरचा गीझर निघालें. बोटाला लावावयाच्या त्या यंत्राचीही येथें फसगत होते. तें रक्ताच्या रंगावरून अनुमान बांधतें, व या विषानें व्यापलेलें हिमोग्लोबिनही प्राणवायूनें भरलेलेंच समजतें. आमच्या घरचा ९८ हा आंकडा असा खोटा होता. साध्या हवेंत रक्तांतील या विषाचें प्रमाण निम्म्यावर येण्यास चारपांच तास लागतात. शुद्ध प्राणवायु दिल्यास तें काम सुमारें दीड तासांत होतें. डॉक्टरांच्या घाईचें कारण हें.

आतां थोडा हिशेब. मिनिटाला सहा लिटर पाणी चांगलें ऊन करून देणारा गीझर तासाला अजमासें एक किलो गॅस जाळतो. म्हणजे स्वयंपाकघरांतील शेगडीचे पांचसहा बर्नर एकदम पेटविल्यासारखें झालें. एक किलो गॅस जळावयास सुमारें बारा घनमीटर हवा लागते. आमचें न्हाणीघर पांच फूट रुंद, सहा फूट लांब व आठ फूट उंच. त्यांत सात घनमीटरही हवा मावत नाहीं. एका माणसाच्या दहा मिनिटांच्या स्नानाला दोन घनमीटर हवा, म्हणजे खोलींतील हवेचा चौथ्याहून अधिक हिस्सा, ती ज्योत खाऊन टाकते. आणि जळून निघालेली हवा, बाहेर जाण्यास वाट नसल्यानें, पुन्हां त्याच ज्योतीच्या वांट्याला येते. आमच्या पुठ्ठ्यानें उरलीसुरली वाटही बंद केली होती.

यांतून एक गोष्ट निघते, जी एकत्र कुटुंबांनीं विशेषेंकरून ध्यानांत घ्यावी असें आम्हांस वाटतें. पहिल्या माणसाच्या स्नानावरून गीझरची परीक्षा होत नाहीं. त्याला ताजी हवा मिळते. तो बाहेर येऊन ‘उत्तम आहे’ म्हणतो आणि घर निर्धास्त होतें. दार क्षणभर उघडून पुन्हां लागतें, हवा पुरती पालटत नाहीं, आणि प्रत्येकागणिक ती अधिक बिघडत जाते. कित्येक गीझरांत वीस मिनिटांनीं आपोआप बंद होण्याची योजना असते. परंतु मध्यें नळ बंद करून पुन्हां उघडला कीं तिची गणना नव्यानें सुरू होते, म्हणून एकामागून एक होणाऱ्या स्नानांत तिचा भरंवसा धरतां येत नाहीं. आमच्या घरांत तीर्थरूपांचें स्नान पहिलें आणि धाकट्या सुनेचें शेवटचें, हा क्रम आम्हीं कधीं ठरविला नव्हता. तो चालत आला होता. ज्यांनीं गीझर बसविला ते दोघे बंधु पहिल्या तिघांत स्नान करून मोकळे झाले होते.

बंबाच्या काळीं ही चूक का होत नसे, याचा आम्हीं पुष्कळ विचार केला. बंब म्हणजे तांब्याचें उभें पात्र, त्याच्या मधोमध वर निघणारी नळी, खालीं जाळी आणि राखेचा कप्पा. नळींत कोळसे, गोवरीचे तुकडे, ढलप्या टाकावयाच्या आणि भोंवतालचें पाणी तापावयाचें. आमच्या वाड्यांत तो परसांत, न्हाणीच्या पडवीबाहेर असे, आणि घंगाळ भरभरून पाणी आंत न्यावें लागे. त्यांतही कोळसा जळे व तोच विषारी वायु निघे. परंतु बंबाला धूर होता. धुरानें डोळे चुरचुरत, भिंती काळवंडत, म्हणून कोणाही गृहिणीनें तो दार लावून आंत ठेवूं दिला नसता. बंद खोलींत शेगडी घेऊन निजूं नये, ही आजीची ताकीदही त्याच अनुभवाची. गॅसची ज्योत निळी, स्वच्छ, काजळी न धरणारी. धूर दिसेनासा झाला तेव्हां धूर नाहींच असें आम्ही समजलों, आणि बाहेरचा विस्तव माथ्यावर आणून टांगला.

या यंत्राचा जन्मच या दोषासह झाला आहे. लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन यानें १८६८ सालीं गॅसवर तत्काळ पाणी तापविणारें यंत्र काढलें व आइसलँडमधील उसळत्या उन्हाळ्याच्या नांवावरून त्याला ‘गीझर’ म्हटलें. त्याच्या त्या पहिल्या यंत्राला जळलेली हवा बाहेर नेणारें धुराडेंच नव्हतें. १८९५ सालीं जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञानें कार्बन मोनॉक्साइड स्वतःच्या शरीरांत घेऊन त्याचे परिणाम नोंदविले, आणि पुढें खाणींत कॅनरी पक्षी नेण्याची युक्ति त्याच्या संशोधनांतून निघाली. सुप्रसिद्ध फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला १९०२ सालीं पॅरिसमध्यें स्वतःच्या शयनगृहांत याच वायूनें गेला. धुराडें तुंबलेलें होतें. म्हणजे ज्ञान जुनें आहे. तरी जानेवारी २०२२ मध्यें आमच्याच नाशिक शहरांत न्हाणीघरांतील गॅस गीझरमुळें मृत्यु ओढवल्याच्या वार्ता आल्या, आणि अशा वार्ता दर हिंवाळ्यांत कोठून ना कोठून येतातच.

दिवाळीनंतर जो जाणता कारागीर आला त्यानें आमचें काम पाहून म्हटलें, “गळती नाहीं. काम नीट आहे, जागा चुकली.” मग त्यानें कामांतल्या चुकाही दाखविल्या. आमची नळी फुटावर विकत घेतलेली हिरवी साधी नळी होती, गॅसला आय. एस. ९५७३ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेली, आंत तारेची जाळी असलेली नारिंगी नळीच लागते, तीही दीड मीटरच्या आंतली, डोळ्यांसमोर राहणारी, आणि पांच वर्षांनीं बदलावयाची. खिडकीच्या फटींत ती चेपली जात होती. अंतर अधिक असेल तर धातूची नळी भिंतीवरून उघडी न्यावी व यंत्राजवळ स्वतंत्र कॉक ठेवावा. रबरी वायसर ज्या सांध्यांत बसतो तेथें बंधूंनीं हौसेनें टेफ्लॉनची पट्टीही गुंडाळली होती. तेथें काम वायसरचें असतें, पट्टीनें तो उलट नीट टेंकत नाहीं. स्वयंपाकाच्या शेगडीच्या नळीला मध्येंच तिकटी जोडून गीझर चालविण्याची पद्धत त्यानें कित्येक घरीं पाहिल्याचें सांगितलें. ती आम्हीं केली नव्हती, एवढेंच आमच्या पदरीं पुण्य. नाशिकांत आतां नळावाटेही गॅस येऊं लागला आहे. तो गॅस वेगळा, हवेहून हलका व छताकडे जाणारा. सिलिंडरसाठीं बनविलेला गीझर, आंतील जेट बदलल्याखेरीज, त्यावर चालवूं नये, आणि त्या नळाला घरच्या माणसानें पान्हा लावूं नये.

मग घरच्या माणसानें काय करावें? आमचें मत असें झालें आहे कीं पाण्याच्या नळ्या खुशाल जोडाव्या, सेल बदलावे, वर्षांतून एकदां पाण्याची जाळी धुवावी. गॅसचा सांधा मात्र शिकलेल्या माणसाकडून करून घ्यावा. पण कारागीर आला म्हणून आपली जबाबदारी संपत नाहीं. तोही घाईंत असतो, आणि ‘आंतच लावा, पाणी लौकर येतें’ हा आग्रह बहुधा आपलाच असतो. गीझर उघड्या गॅलरींत किंवा बाहेरच्या भिंतीवर असावा व पाणी तेवढें आंत यावें. गॅलरीला कांचा लावल्या कीं ती बाहेर राहत नाहीं, हें आम्ही अनुभवानें शिकलों. गीझरच्या माथ्यावर जें वाटोळें भोंक असतें तें धुराडें बसविण्यासाठीं आहे. पेटींत धुराडें नसलें म्हणजे त्याची गरज नाहीं असें नव्हे. हवा बाहेर फेंकणारा पंखा लावल्यानेंही निभावत नाहीं. आंत येण्यास झरोका नसेल तर तो पंखा काय ओढणार? ज्यांच्या सदनिकेला अशी जागाच नाहीं त्यांनीं गॅसचा नाद सोडून विजेचें यंत्र घ्यावें, आणि त्याची अर्थिंग तपासून घ्यावी. ज्योत निळी असतां पिवळी दिसूं लागली, पेटीवर काजळी धरली, कीं त्या दिवसापासून गीझर बंद.

आणि एवढें करूनही कोणी न्हाणीघरांत पडलें, तर प्रथम दार उघडून माणसाला उघड्या हवेंत ओढावें. सोडविणाऱ्यानें आंत रेंगाळूं नये, दुसऱ्यानें तेवढ्यांत रेग्युलेटर बंद करावा. कांदा हुंगविण्यांत वेळ न घालवितां १०८ क्रमांकास बोलवावें आणि ‘गॅस गीझर होता’ हे शब्द आवर्जून सांगावे. माणूस शुद्धीवर येऊन ‘मला बरें वाटतें’ म्हणाला तरी रुग्णालयांत न्यावा. मेंदूवरचे परिणाम कांहीं वेळां पुढें दिवसांनीं, आठवड्यांनीं प्रकट होतात. गॅसचा नुसता दर्प आला तर दिव्याचें बटण खालींवर न करतां खिडक्या उघडाव्या, रेग्युलेटर बंद करावा, बाहेर यावें व तेथून १९०६ या क्रमांकास कळवावें.

आमच्या गॅलरीच्या दोन कांचा आतां कायमच्या काढून तेथें नुसती लोखंडी जाळी बसविली आहे. कपड्यांचें यंत्र दुसरीकडे गेलें. गीझर पुन्हां जुन्या जागीं आला. त्यासाठीं भिंतीला नवें भोंक पाडावें लागलें, त्या कामास अर्धा दिवस लागला. न्हाणीघराच्या खिडकीवरचा पुठ्ठा आत्याबाईंनीं स्वतः फाडून टाकला, आणि पौषांतला वारा तेथून आंत येतो म्हणून मुलें कुरकुरतात. गेल्या दिवाळीस धाकटी भावजय सर्वांच्या आधीं न्हाली. बंधु शेवटीं न्हाले, आणि आत्याबाई वाती घेऊन दाराबाहेर बसल्याच होत्या.